रक्ताचं पॅनेल निगेटिव्ह आलं, मग पाठीतलं पाणी कशाला काढायचं?

तुम्ही लिहिलेलं थोडक्यात असं: बहीण २३ वर्षांची, आजवर मनाचा कुठलाही आजार नाही. पाच आठवड्यांपूर्वी दोन-तीन दिवस ताप आणि डोकेदुखी. मग झोप उडाली, कोणीतरी पाळत ठेवतंय असा संशय, मध्येच हसणं, मध्येच किंचाळणं. सायकोसिस म्हणून हॅलोपेरिडॉल सुरू केलं, तर दोन दिवसांत अंग लाकडासारखं ताठ झालं. आता ती बोलत नाही, हात वर करून ठेवला तर तसाच धरून बसते, ओठ आणि जीभ काहीतरी चघळल्यासारखी सतत हलतात. एमआरआय नॉर्मल. रक्ताचं ऑटोइम्युन पॅनेल, म्हणजे मेंदूवर उठणाऱ्या अँटिबॉडींच्या चाचण्यांचा संच, निगेटिव्ह, फक्त थायरॉइडविरुद्धची अँटि-टीपीओ ४१२. एक डॉक्टर पाठीतलं पाणी काढा म्हणतात, दुसरे म्हणतात रक्त निगेटिव्ह असताना त्याची गरज नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, पाणीही निगेटिव्ह आलं तर काय?

पहिल्या डॉक्टरांचं ऐका, आणि त्यात दिवस घालवू नका. दरम्यान ताप पुन्हा चढला, नाडी किंवा रक्तदाब एकदम वरखाली होऊ लागला, दरदरून घाम सुटला, श्वास मंद झाला किंवा फिट आली, तर कशाचीही वाट न पाहता आयसीयू असलेल्या रुग्णालयात न्या. मी तिला तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण तुमच्या पत्रातल्या वर्णनापुढे त्या निगेटिव्ह रिपोर्टचं वजन फार कमी आहे, आणि ते का, हे समजून घेतलंत तर दुसऱ्या डॉक्टरांशी बोलणंही सोपं जाईल.

आधी ज्याचा संशय आहे तो आजार, ऑटोइम्युन मेंदूदाह, म्हणजे शरीराच्याच अँटिबॉडी मेंदूवर उठतात तो, काय असतो ते. २००५ साली चार तरुण स्त्रियांची नोंद प्रसिद्ध झाली. चौघींनाही अचानक भ्रम, स्मृती जाणं, शुद्ध हरपणं, श्वास मंदावणं, आणि चौघींच्या अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, जोसेप डाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच १२ स्त्रियांमध्ये नेमकी अँटिबॉडी शोधून काढली. तिचा निशाणा होता मेंदूतल्या पेशींवरचा एनएमडीए रिसेप्टर. भूल देताना वापरतात ते केटामाइन हाच रिसेप्टर बंद करतं, आणि केटामाइन दिलेल्या माणसाला भास होतात, आपण शरीराबाहेर आहोत असं वाटतं, जास्त मात्रेत तो डोळे उघडे ठेवून निश्चल पडतो. अँटिबॉडी तेच काम आठवडेच्या आठवडे करत राहते. रिसेप्टरला चिकटते आणि त्याला पेशीच्या आत ओढून नेते. पेशी मात्र मरत नाही. म्हणूनच अँटिबॉडी हटली की रिसेप्टर पुन्हा वर येतात आणि महिनाभर न बोललेला माणूस बोलू लागतो. हे मी अनेकदा पाहिलंय आणि तरी प्रत्येक वेळी थक्क होतो.

त्यानंतर अशा अँटिबॉडींची रांगच लागली. एलजीआय१, कॅस्पर२, गाबा-बी, ॲम्पा, डीपीपीएक्स, आयजीलॉन५. या सगळ्या पेशीच्या बाहेरच्या कवचावर बसणाऱ्या. त्यांच्या आधीपासून माहीत असलेल्या काही, जसं हू किंवा एमए२, पेशीच्या आतल्या प्रथिनांविरुद्ध असतात. त्या स्वतः फारसं नुकसान करत नाहीत. नुकसान करतात टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी, आणि ही अँटिबॉडी म्हणजे शरीरात कुठेतरी कर्करोग दडलाय याची खूण. त्यात पेशी मरतात, त्यामुळे उपचारांचा गुण कमी येतो. पॅनेलच्या एकाच कागदावर या दोन्ही जाती शेजारीशेजारी छापलेल्या असतात, आणि वाचणाऱ्याला त्या सारख्याच वाटतात.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे. एनएमडीएच्या आजारात अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या आवरणाच्या आत शिरून तिथेच ठाण मांडतात. तिथल्या पाण्यात, जे पाठीपर्यंत उतरतं, अँटिबॉडी भरपूर आणि रक्तात कधी थोडी, कधी सापडणारच नाही इतकी. पक्कं निदान झालेल्या २५० रुग्णांचे दोन्ही नमुने एका अभ्यासात तपासले गेले, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठीतल्या पाण्यात सगळ्यांची अँटिबॉडी सापडली. रक्तात सुमारे ८६ टक्क्यांचीच. म्हणजे नुसतं रक्त तपासून थांबलं तर दर सात खऱ्या रुग्णांमागे एक जण 'निगेटिव्ह' म्हणून घरी जातो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, अशातली ही गत. तुमच्या बहिणीच्या रक्ताचा रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो चुकीच्या ठिकाणी काढलेल्या नमुन्याचा खरा रिपोर्ट असू शकतो.

उलटंही असतं, हेही इथेच सांगून टाकतो. एलजीआय१ची अँटिबॉडी रक्तात जास्त हमखास मिळते आणि पाण्यात निसटू शकते. म्हणून नियम एकच: दोन्ही नमुने, एकाच वेळी.

पाठीतून पाणी काढायचं म्हटलं की घरात रडारड होते, कंबर कायमची जाते अशी भीती असते. मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या भागातच, पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीला संपतो. सुई त्याच्या खाली घालतात, जिथे फक्त पाण्यात तरंगणाऱ्या नसा असतात. शरीरात हे पाणी कोणत्याही क्षणी साधारण १५० मिलि असतं आणि दिवसभरात सुमारे ५०० मिलि नवं तयार होतं. काढलेले १० मिलि अर्ध्या तासात भरून निघतात. नंतर काही जणांचं डोकं दोन-चार दिवस दुखतं, बसलं की जास्त, झोपलं की कमी. एमआरआय आधीच झाला आहे, त्यामुळे आत दाब वाढवणारी गाठ नाही हेही कळलंय. रक्त पातळ करणारी औषधं चालू नसतील आणि प्लेटलेट ठीक असतील तर अडचण नाही. ती शांत पडून राहणार नसेल तर थोडी गुंगी देऊन करतात.

एमआरआय नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. या आजाराच्या एका मोठ्या नोंदीत, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या, एमआरआयमध्ये दोष दिसला फक्त एक तृतीयांश जणांत. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, मात्र ९० टक्क्यांत बिघडलेला होता आणि पाठीतल्या पाण्यात काही ना काही दोष जवळजवळ ८० टक्क्यांत. तुमच्या पत्रात ईईजीचा उल्लेखच नाही. तो करा. निव्वळ मानसिक आजारात ईईजीवर सगळीकडे संथ लाटा दिसत नाहीत. त्या दिसल्या की माझा अर्धा निर्णय तिथेच होतो, अँटिबॉडीचा कागद नंतर येतो.

तुमच्या पत्रात मला काय खटकलं ते आता सांगतो, कारण खरी तपासणी तिथेच झालेली आहे. कधीही मानसिक आजार नसलेली व्यक्ती, आणि तीन महिन्यांच्या आत वेगाने घसरण. आधी ताप-डोकेदुखी. सायकोसिसचं औषध सोसलं नाही, अंग ताठ झालं. कॅटाटोनिया, म्हणजे ते हात तसाच धरून ठेवणं आणि गप्प होणं. तोंडाची ती हालचाल. ऑटोइम्युन सायकोसिसचा संशय कधी घ्यावा याचे निकष २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने मांडले. त्यात तीन महिन्यांच्या आत आलेल्या सायकोसिससोबत कॅटाटोनिया किंवा विचित्र हालचाली, औषधाची तीव्र प्रतिक्रिया, फिट, शुद्ध कमी होणं, स्मृती-आकलनाची आजाराच्या मानाने फारच मोठी पडझड, नाडी-रक्तदाबाचा गोंधळ किंवा शरीरात गाठ, यातली एक गोष्ट असली तरी पुढे तपासायला सांगितलंय. तुमच्या बहिणीत निदान दोन आहेत. झोप अजिबात न लागणं आणि बोलणं हळूहळू आटत जाणं निकषांत ठळक नाही, पण माझ्या अनुभवात तेही मोलाचं. नातेवाईक नेहमी म्हणतात, "डॉक्टर, ती वेडी वाटत नाही, ती ती राहिलीच नाही." हे वाक्य ऐकलं की मी खुर्ची पुढे ओढतो.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की अँटिबॉडीच्या चाचणीला स्वतःचा असा अर्थ नसतो. ती कोणाची केली यावर अर्थ ठरतो. हिशोब करून पाहा. आकडे मी समजण्यासाठी धरलेत. समजा चाचणी उत्तम आहे, निरोगी १०० जणांत ती फक्त एकालाच चुकून पॉझिटिव्ह दाखवते. आता जुनं नैराश्य, चिंता किंवा हळूहळू सुरू झालेला स्किझोफ्रेनिया असलेल्या, बाकी काहीच खूण नसलेल्या १००० जणांचं रक्त तपासलं. त्यांत खरोखर हा आजार असलेले दोन धरू. चाचणी ते दोन शोधेल, आणि उरलेल्यांतले दहा जण चुकून पॉझिटिव्ह येतील. बारा पॉझिटिव्ह कागद, त्यातले दहा फसवे. आता तुमच्या बहिणीसारख्या १००० जणांना घ्या, ज्यांत हा आजार २०० जणांना असेल. पॉझिटिव्ह आलेल्यांत आठ फसवे आणि दोनशेच्या आसपास खरे. चाचणी, प्रयोगशाळा, छापलेला कागद सगळं तेच, फक्त माणसं वेगळी. आणि पॅनेलमध्ये अशा आठ-दहा चाचण्या एकत्र असतील तर चुकीच्या पॉझिटिव्हची शक्यता आठ-दहा ठिकाणी.

निगेटिव्हलाही हाच हिशोब लागू. ज्याच्यात संशयच नाही त्याचा निगेटिव्ह रिपोर्ट जवळजवळ नक्की खरा. ज्याच्यात संशय दाट आहे, त्याच्या निगेटिव्ह रिपोर्टवर मी पुढची तपासणी थांबवत नाही.

अँटिबॉडीची जातही पाहावी लागते. आजार करते ती आयजीजी. आयजीएम आणि आयजीए जातीच्या एनएमडीए अँटिबॉडी निरोगी माणसांच्या रक्तातही सापडतात. २०१४ मध्ये २८०० हून अधिक लोकांचं रक्त तपासलं गेलं. आजारी आणि निरोगी दोन्ही गटांत सुमारे १० टक्क्यांकडे यातलं काही ना काही होतं, आणि आयजीजी अगदी थोड्यांत. रिपोर्टवर नुसतं 'एनएमडीए पॉझिटिव्ह' लिहिलं असेल आणि जात लिहिलेली नसेल, तर प्रयोगशाळेला फोन करून विचारा.

पद्धतीबद्दलही दोन शब्द, कारण याकडे आम्ही डॉक्टरसुद्धा फारसं पाहत नाही. कवचावरच्या अँटिबॉडीसाठी चांगली पद्धत म्हणजे 'सेल-बेस्ड ॲसे', पेशींवर केलेली चाचणी. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना तो एक रिसेप्टर अंगावर घ्यायला लावतात, वर रुग्णाचा नमुना सोडतात, आणि अँटिबॉडी चिकटली तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरव्या चमकतात. चमक किती हे माणूस डोळ्यांनी ठरवतो. त्यामुळे 'वीकली पॉझिटिव्ह' हा शब्द कागदावर दिसला की तो एका थकलेल्या डोळ्याचा अंदाज असू शकतो, हे लक्षात ठेवायचं. शंका असेल तर उंदराच्या मेंदूच्या कापांवर तोच नमुना तपासतात. खरी अँटिबॉडी तिथेही ठरावीक नक्षी उमटवते. दोन वेगळ्या पद्धतींचा कौल जुळला की मला झोप लागते. हू, एमए२ वगैरेंसाठी जी पट्टीवरची लाइन ब्लॉट चाचणी असते, ती चुकीच्या पॉझिटिव्हसाठी प्रसिद्ध आहे. नुसत्या तिच्यावर विसंबून कोणाला कर्करोगाच्या शोधात पाठवू नये.

एक जुनी चाचणी अजून काही रिपोर्टवर दिसते: व्हीजीकेसी. पोटॅशियमच्या वाहिनीविरुद्धची अँटिबॉडी असं पूर्वी समजत. २०१० मध्ये कळलं की खरा निशाणा वाहिनी नसून तिच्या शेजारची दोन प्रथिनं आहेत, एलजीआय१ आणि कॅस्पर२. ही दोन्ही निगेटिव्ह असतील तर नुसत्या व्हीजीकेसी पॉझिटिव्हला काही अर्थ उरत नाही. त्या कागदावरून कोणी उपचार सुचवत असेल तर दुसरं मत घ्या.

आता अँटि-टीपीओ. ही थायरॉइडविरुद्धची अँटिबॉडी, आणि निरोगी लोकांतही साधारण दहांतल्या एकाकडे सापडते, स्त्रियांत जास्त. थायरॉइडची अँटिबॉडी आणि मेंदूचा बिघाड यांची पहिली जोडी १९६६ मध्ये मांडली गेली, पुढे तिला 'हाशिमोटो एन्सेफॅलोपथी' हे नाव मिळालं. कवचावरच्या अँटिबॉडींचा शोध लागायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्या काळात त्या नावाखाली जमा केलेल्या रुग्णांपैकी कितीतरी आज वेगळ्या नावाने ओळखले गेले असते, असं माझं मत आहे. मेंदूवर टीपीओ अँटिबॉडी काही करते असा पुरावा नाही. तुमच्या बहिणीच्या बाबतीत थायरॉइडची टीएसएच तपासून घ्या, ती बिघडली असेल तर तिचा उपचार करा, आणि ४१२ हा आकडा मेंदूच्या चर्चेतून बाहेर काढा. २०२३ मध्ये ऑटोइम्युन मेंदूदाह असं चुकून निदान झालेल्या १०७ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे खरे आजार निघाले कार्यात्मक मज्जाविकार (मेंदूची रचना ठीक, पण कामात बिघाड), स्मृतिभ्रंशासारखे झिजेचे आजार, मानसिक आजार, काहींत मेंदूची गाठसुद्धा. चुकीच्या वाटेला नेणाऱ्या कागदांत टीपीओ सर्वांत पुढे होता.

मीही या वाटेने गेलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी चाळिशीतल्या एका गृहस्थांना दोन वर्षांचं नैराश्य होतं, विसराळूपणा वाढलेला. गॅड६५ अँटिबॉडी किंचित वाढलेली आली. मला शोधाचा आनंद झाला. पाण्यात काही नव्हतं, ईईजी स्वच्छ, तरी मी स्टिरॉइड सुरू केलं. तीन आठवड्यांत त्यांची झोप गेली, रक्तशर्करा चढली, आणि ते इतके उत्तेजित झाले की दाखल करावं लागलं. गॅड६५ थोड्या प्रमाणात टाइप १ मधुमेहात आणि काही निरोगी लोकांतही असते. मेंदूच्या आजारात ती मधुमेहातल्या पातळीच्या साधारण शंभर पट चढलेली असते. हे मला वाचून माहीत होतं. पण हातात पॉझिटिव्ह कागद असला की साप साप म्हणून भुई धोपटायचा मोह आवरत नाही. त्यांना शेवटी बरं केलं ते नैराश्याच्या साध्या औषधाने, नीट मात्रेत आणि पुरेसे दिवस दिल्याने.

म्हणून, हे वाचून ज्यांना आठ वर्षांची चिंता किंवा लहानपणापासूनचं ओसीडी (मंत्रचळ) यासाठी पॅनेल करून घ्यावंसं वाटेल, त्यांना माझं उत्तर 'नको' असं आहे. २०१३ मध्ये एनएमडीए आजाराच्या ५७१ रुग्णांची छाननी झाली. फक्त मानसिक लक्षणं आणि मज्जासंस्थेची एकही खूण नाही, असे त्यांत २३ निघाले. त्यातलेही १८ आधी हा आजार होऊन गेलेले, तो उलटलेला. पहिल्याच वेळी निव्वळ मानसिक लक्षणांवर थांबलेले पाच. इतर सगळ्यांच्या बाबतीत हालचाली, फिट, शुद्ध, असं काहीतरी आठवड्या-दोन आठवड्यांत वर येतंच. पण ते दिसायला रोज कोणीतरी अंथरुणाजवळ जाऊन बघावं लागतं. लहान मुलांच्या अचानक आलेल्या ओसीडीसाठी डोपामाइन रिसेप्टर वगैरेंच्या अँटिबॉडींची एक खासगी पॅनेल विकली जाते. निरोगी मुलांत आणि मोठ्यांतही तिचे निकाल 'वाढलेले' येतात. मी ती कधीच सांगत नाही.

उलट काही माणसांत निव्वळ मानसिक वाटणाऱ्या तक्रारीमागे मी आपण होऊन शोधतो. साठी ओलांडलेला पुरुष, काही आठवड्यांत चिडचिड, विसर, रात्री गोंधळ. एका आजींनी मला सांगितलं, "यांच्या हातून कप सारखा पडतो, आणि पडताना तोंड वाकडं होतं." मी शेजारी बसलो तर अर्ध्या तासात चार वेळा एकाच बाजूचा हात आणि गाल क्षणभर आखडले, दोन-तीन सेकंद, बस. त्याला फेशियोब्रेकियल डिस्टोनिक सीझर म्हणतात आणि तो जवळजवळ एलजीआय१ची सहीच. दिवसाला पन्नासेक वेळाही होतो आणि घरचे त्याला दचकणं समजतात. सोबत रक्तातलं सोडियम कमी, जे निम्म्याहून जास्त जणांत असतं. या माणसाला पॅनेलची गरज होती, पण पॅनेलच्या आधीच उत्तर समोर बसलेलं होतं. तसंच, हर्पिसच्या मेंदूज्वरातून बरा होत आलेला रुग्ण दोन-तीन महिन्यांत पुन्हा बिघडला तर पहिला संशय ऑटोइम्युनचा. पाठपुरावा केलेल्या ५१ रुग्णांपैकी १४ जणांत असं घडलं, बहुतेकांत एनएमडीए अँटिबॉडी.

तुमच्या बहिणीकडे परत येतो. पाणी काढाल तेव्हा ते फक्त अँटिबॉडीसाठी पाठवू नका. पेशी, प्रथिनं, साखर, हर्पिसची पीसीआर, क्षयाची तपासणी आणि ऑलिगोक्लोनल बँड (आतच अँटिबॉडी बनत असल्याची खूण) हेही हवं. पेशी पाचपेक्षा जास्त निघाल्या तर हा निव्वळ मानसिक आजार आहे हे म्हणणं त्याच दिवशी गळून पडतं, अँटिबॉडीचा निकाल यायला मग आठवडा लागो. रक्तात क्रिएटिन कायनेज पाहा, कारण अंग ताठ आहे आणि स्नायू विरघळत असतील तर किडनीला धोका. एचआयव्ही, सिफिलिस, बी१२, अँटिन्यूक्लियर अँटिबॉडी हेही. ती शेवटची चाचणी ल्यूपससाठी, आणि तिलाही वरचाच हिशोब लागू: १:४० या पातळीला निरोगी लोकांपैकी जवळजवळ ३० टक्के पॉझिटिव्ह येतात, १:१६० ला पाच टक्के. आणि सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे रक्तातलं तांबं वाहणारं प्रथिन, नक्की तपासा. तरुण माणसात मानसिक बदल आणि ताठरपणा एकत्र आले की विल्सन रोग, म्हणजे शरीरात तांबं साठत जाण्याचा आजार, डोक्यात असावाच, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बुबुळाची कडा बघून घ्यावी. पॅनेलच्या नादात ही साधी तपासणी राहून गेलेली मी पाहिली आहे.

पोटाची, विशेषतः अंडाशयांची, सोनोग्राफी आणि गरज वाटली तर एमआरआय. वर सांगितलेल्या मोठ्या नोंदीत ३८ टक्के रुग्णांत गाठ होती, आणि ती जवळजवळ सगळी स्त्रियांतच, बहुतेक अंडाशयातला टेराटोमा. गाठ असेल आणि काढली नाही, तर औषधं गळक्या घागरीत पाणी ओतल्यासारखी होतात.

नमुन्याची वेळही महत्त्वाची. आयव्हीआयजी म्हणजे हजारो दात्यांच्या अँटिबॉडींचं मिश्रण. ते दिल्यानंतर रक्त तपासलं तर टीपीओ, गॅड६५ अशा दात्यांच्या अँटिबॉडी तुमच्या बहिणीच्या नावावर छापून येतील. प्लाझ्मा बदलल्यानंतर घेतलं तर असलेली अँटिबॉडीही धुऊन गेलेली असेल. म्हणून उपचाराच्या आधी रक्त आणि पाणी दोन्ही काढून ठेवा. पण निकाल येईपर्यंत उपचार रोखू नका. वर्णन जुळतंय, ईईजी संथ आहे, पाण्यात पेशी आहेत आणि हर्पिस नाही, एवढं असलं की मी स्टिरॉइड आणि आयव्हीआयजी सुरू करतो, निकाल मागाहून येतो. हर्पिसचा निकाल यायचा असेल तर तोवर त्यावरचं औषध, असायक्लोविर, चालू ठेवतात. कॅटाटोनियासाठी लोरॅझेपाम असतं. हॅलोपेरिडॉलचं काय करायचं ते आजच तिच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारा, घरच्या घरी काही बंद किंवा सुरू करू नका. पहिल्या उपचारांनी दोन आठवड्यांत काही फरक नाही पडला तर रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फमाइड या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांकडे जातात. मोठ्या नोंदीत दोन वर्षांनी ८१ टक्के रुग्ण चांगले झाले होते, पण 'दोन वर्षांनी' हे शब्द नीट वाचा. सुधारणा संथ असते. आधी श्वास-नाडी स्थिर होते, मग हालचाली थांबतात, बोलणं येतं. नियोजन करणं, आवरतं घेणं, स्मृती हे सगळ्यात शेवटी. मधल्या काळात पुन्हा सायकोसिससारखं दिसेल, तो आजार उलटल्याचा पुरावा नव्हे. आणि या काळात दर महिन्याला अँटिबॉडीची पातळी मोजायची गरज नाही. माणूस बरा होऊन कामाला लागला तरी ती रक्तात रेंगाळते. सुधारणा रुग्णाकडे बघून ठरवायची.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. दोन्ही नमुने, चांगल्या पद्धतीने तपासूनही निगेटिव्ह आले, तर एनएमडीएचा आजार जवळजवळ बाद होतो. ऑटोइम्युन मेंदूदाह मात्र बाद होत नाही, कारण अजून न सापडलेल्या अँटिबॉडीही असतात, आणि उंदराच्या मेंदूच्या कापांवर कधीकधी त्यांची अनोळखी नक्षी दिसते. तेव्हा पाण्यातल्या पेशी, ईईजी आणि पुन्हा काढलेला एमआरआय काय सांगतात यावर निर्णय होतो. तिन्ही स्वच्छ असतील, तर मी मानसिक आजाराकडे मोकळ्या मनाने परत जातो. कॅटाटोनिया मानसिक आजारातही होतो आणि तोही बरा होतो. यातलं काहीतरी बिघडलेलं असेल, तर अँटिबॉडीशिवायही उपचार करतो. त्यासाठी एक विनंती पाणी काढणाऱ्या डॉक्टरांना आधीच करून ठेवा: ठरलेल्या चाचण्यांखेरीज दोन मिलि जास्तीचं पाणी वेगळ्या नळीत, नाव-तारीख घालून, खोल गोठवून जपून ठेवा म्हणावं. चौथ्या आठवड्यात आम्हाला नवं काही सुचतं तेव्हा उपचाराआधीचं पाणी हवं असतं, आणि ते परत मिळत नाही.